दुसऱ्या फेरीचे एकशे चाळीस बोरे

जानेफळ
दि. ६ जानेवारी २०२६, मंगळवार
सकाळी सव्वासहा. गोदामाची दोन्ही कुलपं ओढून पाहिली, हात धुतले आणि लिहायला बसलो.

ति. प्रेमानंदकाका यांना पुतण्या प्रसेनजितचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमची चिठ्ठी दयारामने काल जीपमधून आणून दिली. इथे सर्व ठीक आहे. थंडी चांगली पडली आहे, जनकाबाईंचा खोकला कमी आहे, बाकी तिघी बाया कामाला वेळेवर येतात. मालाबद्दल फोनवर एक शब्द बोलायचा नाही, जे असेल ते कागदावर लिहून दयारामच्या हाती द्यायचं, असं तुम्ही कळवलं, म्हणून हे पत्र. पण काका, बाबांनी आणि तुम्ही मिल सुरू केल्यापासून गादीच्या कापसाबद्दल फोनवर बोलायची बंदी कधी नव्हती.

तुमचा हुकूम असा, की दुसऱ्या फेरीचा माल तेवढा वेगळा काढायचा, एकशे चाळीस बोरे भरायचे, पोत्यांवर मिलचा छाप मारायचा नाही आणि बिलात 'गाद्यांसाठी' असं लिहायचं. मी बारावीला राहिलो, पण जिनिंगमधून आलेली सरकी चिखलीला आपल्या मशीनवर दोनदा जाते हे मला तुम्हीच शिकवलं. पहिल्या फेरीत सरकीला चिकटलेला लांब तंतू निघतो, तो गादीवाले नेतात. दुसऱ्या फेरीत जे निघतं ते पिठासारखं आखूड असतं. त्याची गादी केली तर महिन्याभरात आत गोळे होतात. तो माल आपल्याकडून सरकारी कारखाना घेत होता, आणि कशासाठी घेत होता तेही तुम्हीच सांगितलं होतं. तोफेच्या गोळ्यामागची दारू त्याच्यापासून होते. आपल्या मिलचा कापूस फौजेला जातो, हे तुम्ही समताताईच्या लग्नात पाहुण्यांना किती अभिमानाने सांगत होता.

आता हा माल फौजेला जात नाही, मग कुठे जातो? शनिवारी तुमचे मुंबईचे व्यापारी इथे आले होते. त्यांनी बोऱ्यात हात घालून मूठभर माल काढला, स्टीलच्या ताटलीत ठेवला आणि पेटवला. भक्कन जळाल्यावर उरलेली चिमूटभर पांढरी राख बोटावर घेऊन उजेडात पाहिली आणि सोबतच्या माणसाकडे पाहून हसले. ते गेल्यावर जनकाबाई म्हणाल्या, की गादीवाला कापूस दाबून पाह्यते, पेटवून पाहणारा गादीवाला मी पह्यल्यांदाच पाह्यला.

काका, माल नेमका कुणासाठी आहे, एवढं दोन ओळींत लिहा. तोपर्यंत मी बोऱ्यांची तोंडं शिवत नाही.

काकूंना जयभीम. राग आला तरी माया कमी करू नये.
तुमचा,
प्रसेनजित जानराव

*

चिखली
९ जानेवारी

चि. प्रसेनजित यास अनेक आशीर्वाद. आशीर्वाद लिहाची सवय आहे म्हणून लिहिला, तू कमावला म्हणून नाही.

तुले कागदावर लिहाले सांगतलं ते बोरे किती भरले हे कळवाले. मले प्रश्न विचाराले नाही. तुयं अक्षर मोठं सुरेख आहे. एकही काना-मात्रा चुकत नाही. इतक्या सुरेख अक्षरात आपल्या काकाले चोर म्हणणारा पुतण्या चिखली तालुक्यात दुसरा नसन.

तुले पाह्यजे ते आयकून घे. सरकारी कारखान्याकडं आपले सात महिन्यांचे पैसे अडकून आहेत. दर वेळी साहेब नवा, दर वेळी कागद नवा. मिलवर चौतीस बाया काम करतात, त्यायले पगार काय सुरेख अक्षरानं द्यायचा? मुंबईवाल्यानं दुप्पट भाव देला अन् अर्धे पैसे आधी मोजले. तो माल आखातात पाठवते. पुढं तो गादीत जाते का रंगात जाते का बारुदीत, ते पाहाले मी समुद्र पाह्यला नाही.

तू मोबाईलवर जगाच्या लढाया पाहत बसतो, तर हेही पाह्य. आभाळात उपग्रह फिरवणाऱ्या कंपन्या एकाले इंटरनेट देतात, दुसऱ्याचं तोडतात. ड्रोन बनवणारे विकतात, जहाजवाले वाहतात, विमेवाले विमा उतरवतात, बँका पैसे फिरवतात. सारे प्रायव्हेट. सारे कोट घालून व्यासपीठावर बसतात. सगळ्याईचे हात धुतलेले, फक्त तुया काकाच्याच हाताले बारूद लागली काय बे?

जानरावदादा अन् मी मशीन आणली तवा याच बाजारात आपली सरकी तोलाले काट्यावाला तयार नव्हता. कोणाच्या हातचा माल आहे हे पाहून लोक पुढं जात. आज मुंबईचा माणूस आपल्या दारी येऊन माल मागते, तर तुले कापरं सुटते. तुया बापात हिंमत होती, ती तुयाजवळ यायची राहून गेली.

बोरे शिव. रविवार अठरा तारखेले ट्रक येईन. छाप मारू नको. यापुढं प्रश्न लिहिला तर उत्तर येणार नाही.

जी माया आहे ती पगारात धर.
प्रेमानंद

*

जानेफळ
दि. १२ जानेवारी, सोमवार
दुपारी दोन. बाया जेवायला बसल्या आहेत, मी गोदामाच्या पायरीवर.

ति. समताताईस, भाऊ प्रसेनजितचा सप्रेम जयभीम. वि. वि.

देऊळघाटला तुझ्या सासरी सगळे बरे असतील. शीलवंतभाऊजींचा शेवटचा फोन कधी आला ते कळव. आज जिजाऊंची जयंती, सगळ्या जीपा सिंदखेडराजाच्या रस्त्याला लागल्या आहेत, म्हणून हे पत्र तुला उद्या किंवा परवा मिळेल. मी फोन करत नाही याचं कारण पुढे वाचशील तेव्हा कळेल. वाचून चुलीत टाक, सासूबाईंच्या हाती लागू देऊ नको.

काकांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याला दुसऱ्या फेरीचा माल विकला आहे, हे तुला माहीत नसेल. काकांचं उत्तर सोबत जोडलं आहे. ते वाचून मला दोन दिवस वाटत होतं, की काका बरोबर आहेत आणि मी भित्रा आहे. पगाराचं ते खोटं बोलत नाहीत. बायांचे हप्ते मी स्वतः चुकताना पाहिले आहेत.

पण काल दयाराम आला, आणि जीप बंद न करता मला बाजूला घेऊन बोलला. त्या शनिवारी व्यापाऱ्याला जानेफळहून चिखलीला त्यानेच सोडलं होतं. मागच्या सीटवर व्यापारी आणि त्याचा माणूस हिंदीत बोलत होते. जीपवाल्याला कान असतात हे मोठ्या लोकांच्या लक्षात येत नाही. त्याचा माणूस विचारत होता, की आखातात माल उतरवून घेणारा कोण आहे. व्यापारी म्हणाला, उतरवायचा कशाला, तिथे नुसती बोट बदलायची, पुढे कराचीत घेणारे वाट पाहत बसले आहेत, लढाईनंतर त्यांना हा माल कुणी देत नाही, म्हणून तर हा भाव. दयारामने मला तीन वेळा तेच सांगितलं. मी त्याला तीन वेळा विचारलं म्हणून. प्रत्येक वेळी शब्द तेच होते.

ताई, काकांना हे माहीत आहे की नाही, मला सांगता येत नाही. माहीत करून घ्यायचं नाही एवढं त्यांनी ठरवलं आहे. मी काय करू ते लिही. अठरा तारखेला ट्रक येणार आहे.

तुझी आठवण रोज येते. धाकटा म्हणून जरा सांभाळून घे.
प्रसेनजित

*

देऊळघाट
१५ जानेवारी

प्रिय प्रसेनजित, जयभीम.

तुझं पत्र चुलीत टाकलं नाही. पेटीत ठेवलं आहे, लागेल म्हणून.

मी काय करू, असं तू मला विचारतोस. मला वाचून आधी तुझाच राग आला, मग काकांचा. माझा नवरा तोफखान्यात आहे. मागच्या मे महिन्यात पलीकडून गोळे पडत होते तेव्हा त्यांच्या शेजारच्या खंदकातला अकोटचा पोरगा गेला. तुझ्या भाऊजींनी त्याचं सामान बांधून घरी पाठवलं. ते फोनवर मला एवढंच म्हणाले होते, की गोळा कुठून आला हे कळते, पण तो कोणी भरला हे कधीच कळत नाही. मी तेव्हा म्हटलं होतं, नका विचार करू. आता मला कळून राह्यलं ना, कोणी भरला असता ते. माझ्या काकाने भरला असता आणि माझ्या भावाने बोऱ्याचं तोंड शिवलं असतं.

काकांचं मीठ मी विसरले नाही. बाबा गेल्यावर त्यांनीच मला शिकवलं, माझं लग्न लावलं, मांडवात तुझ्या भाऊजींचा हात धरून नाचले. म्हणून तर मी गप्प बसणार नाही. परक्याने केलं असतं तर दोन शिव्या देऊन पोळ्या लाटायला बसले असते.

बुलढाण्याला एसपी साहेबांच्या ऑफिसात जा आणि दयारामला सोबत ने. चौकशी झाली तर तुझ्या भाऊजींवरही येईल, त्यांची बढती अडेल, सासरचे मला बोलतील. येऊ दे. बढती अडलेला नवरा घरी येतो तरी.

तू जाणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तू लहानपणापासून असाच, परीक्षेला जायच्या दिवशी चप्पल सापडत नाही. काहीतरी मधला रस्ता काढशील, आणि वाटेल की मी केलं. काकांनी हे एकदा केलं, तू एकदा अडवलं, तर ते दुसऱ्यांदा करतील. त्यांना तुझ्यापेक्षा मी जास्त ओळखते.

तुझ्यावर जीव आहे म्हणून एवढं टाकून बोलले.
समता

*

जानेफळ
दि. १९ जानेवारी, सोमवार
सकाळी साडेसात. ट्रक काल रिकामा परत गेला, हे तुम्हाला कळलंच असेल.

ति. काकांना जयभीम. वि. वि.

दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याआधी मीच लिहितो. बोऱ्यांत जे केलं ते मी केलं. बायांनी माझ्या सांगण्यावरून केलं, त्यांना एक शब्द बोलू नका.

दयारामने जीपमध्ये जे ऐकलं ते मी तुम्हाला वेगळ्या कागदावर लिहून पाठवलं होतं. त्याला तुमचं उत्तर आलं नाही. तेव्हा गुरुवारी संध्याकाळपासून शनिवारपर्यंत आम्ही पाचही जणांनी सगळे बोरे उघडले, माल जमिनीवर ओतला, त्यात पहिल्या फेरीचा लांब माल आणि कोपऱ्यात साठलेली सरकीची टरफलं, धूळ, झाडलोट असं सगळं मिसळलं आणि पुन्हा भरलं. मिलमध्ये दोन फेऱ्यांचा माल एकत्र करणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. एका बाईने चुकून एक टोपली मिसळली होती तेव्हा तुम्ही तिचा आठवडा कापला होता. जनकाबाई मिसळताना हसत होत्या. म्हणाल्या, बापू, जिंदगीभर कचरा काढाचे पैसे घेतले, आता टाकाचे घेऊन राह्यलो.

व्यापाऱ्याच्या माणसाने ट्रकवर चढवण्याआधी चार बोऱ्यांतून मूठ-मूठ काढून पेटवली. चारही वेळा काळी राख राहिली. त्याने मला आईवरून शिवी दिली. मी त्याला बिल दाखवलं आणि म्हणालो, की बिलात 'गाद्यांसाठी' लिहिलं आहे, माल गाद्यांसाठी चालतो. त्याने ट्रक वळवायला सांगितलं.

काका, आता सौदा मोडला. घेतलेले पैसे परत करा, मी सरकारी कारखान्यात जाऊन बसतो, आपलं येणं मिळेपर्यंत उठत नाही. पगार थांबले तर बायांना मी समजावतो. तुम्ही बाबांच्या जागी आहात, म्हणून मी बाहेर कुणाला काही बोललो नाही. एवढ्यावर हे संपू द्या.

मन मोठं करून वाचावं, हीच विनंती.
प्रसेनजित

*

चिखली
२३ जानेवारी

प्रसेनजित,

आशीर्वाद नाही.

चाळीस वर्षांत मायावर कोणी हात उचलला नाही. तू उचलला. बापाच्या मिलमधला चांगला माल तू केराच्या टोपलीत ओतला अन् वर मले मन मोठं कराले सांगतो. व्यापारी इथं ऑफिसात बायांसमोर मले 'तुम लोग' म्हणून बोलला. ते दोन शब्द मी वीस वर्षांपासून आयकले नव्हते. तुया कृपेनं आयकले.

तू कागद पाठवला तो मिळाला होता. वाचला. दयारामचं ऐकून मी धंदा करन काय? अन् समज खरं असलं. कराचीले माल आपण नाही देला तर दुसरा कोणी देईन. बारुदीवाचून कोणाची लढाई थांबली, मले दाखव. गोळा तिकडून पडणारच. आपले पैसे मातर बुडतीन.

सौदा मोडला असं तुले वाटते. मोडला नाही. सरकी अजून येऊन राह्यली, मशीन इथं आहे. दुसरा माल चिखलीतच भरणं चालू केलं, दोन पाळ्या लावल्या. गुरुवारी एकोणतीस तारखेले ट्रक इथूनच निघन, मी सोता उभा राहून भरीन. तुया गोदामाची गरज संपली. कुलपाच्या किल्ल्या दयारामजवळ दे. पगार एकतीस तारखेपर्यंतचा हिशेबात धरला आहे.

समतालेही सांग. तिच्या लग्नाचा मांडव कोणत्या पैशातून पडला, ते नवऱ्याले विचार म्हणा. मले उत्तर लिहू नको. कोर्टात वाटा मागाचा असन तर वकिलाकडून लिही, त्याचं अक्षर खराब असलं तरी चालते.

प्रेमानंद

*

जानेफळ, एस. टी. थांबा
दि. २७ जानेवारी २०२६, मंगळवार
पहाटे पावणेसहा. मेहकरहून येणाऱ्या गाडीची वाट पाहत बाकड्यावर बसून लिहितो आहे. दयाराम शेजारी आहे.

ति. काकांना जयभीम. वि. वि.

तुम्ही लिहू नको म्हणालात तरी लिहितो. हे पत्र दयारामचा भाऊ आज दुपारी एक वाजता तुमच्या हातात देईल, आधी नाही, असं मी त्याला बजावलं आहे. तेव्हा माझं बुलढाण्याला बोलून झालेलं असेल.

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून मी नीट झोपलो नाही. ताईने सांगितलं होतं तेच झालं. मी माल बिघडवला आणि तुम्हाला वाचवलं असं समजलो. खरं म्हणजे मी तुम्हाला दुसरा माल भरायला दहा दिवस दिले. तुमची बाकीची सगळी वाक्यं मी माफ केली असती, 'तुम लोग' वाचून तर मला त्या माणसाच्या अंगावर जावंसं वाटलं. पण एक वाक्य मला गिळता येत नाही. समज खरं असलं, असं तुम्ही लिहिलंत, आणि त्याच्यापुढे लिहीतच गेलात. काका, भाऊजी तिथे उभे आहेत हे माहीत असताना तुमचा पेन तिथे थांबला नाही.

दुसरा कुणी देईल, हे खरं असेल. त्याच्या घरातलं कुणी त्याला अडवेल की नाही, ते मला माहीत नाही. तुमच्या घरात मी आहे.

मी साहेबांना काय सांगणार ते तुम्हाला आधीच सांगतो, म्हणजे मागून खोटं बोललो असं होणार नाही. व्यापाऱ्याचं नाव, त्याने ताटलीत पेटवलेला माल, छाप न मारण्याचा हुकूम, दयारामने ऐकलेलं बोलणं, आणि एकोणतीसचा ट्रक. तुम्हाला माल कुठे जातो हे आधी माहीत नव्हतं, माझा कागद वाचल्यापासून माहीत आहे, हेही सांगणार. पहिलं तुमच्या बाजूचं आहे, दुसरं नाही. तुमची पत्रं सोबत नेतो आहे. ट्रक तुम्ही स्वतः थांबवलात तर तेही त्यांना कळू द्या, अजून दोन दिवस आहेत. मिलला कुलूप लागलं तर चौतीस बाया माझ्या नावाने बोटं मोडतील. जनकाबाई काल म्हणाल्या, की आम्ही मोडू, पण तू जाय.

काल सव्वीस जानेवारी होती. दरवर्षी मिलच्या आवारात झेंड्याची दोरी मी बांधतो. काल मला कुणी बोलावलं नाही आणि मी आलो नाही. आताची गाडी चिखलीवरून, आपल्या मिलसमोरून जाईल. मी पलीकडच्या बाजूला बसणार आहे.

ताईला तुम्ही जे लिहिलंत ते मी तिला वाचून दाखवलं नाही. दाखवणारही नाही.

पोलिसांकडे गेला आणि पैसे बुडवून गेला, असं उद्या चिखलीत कुणी म्हणू नये, म्हणून हिशेब खाली देतो. गाडीचे दिवे दिसत आहेत. काकूंची काळजी घ्या. तुमची माझ्यावर माया उरली असेल-नसेल, माझी तुमच्यावर आहे, आणि ती घेऊनच गाडीत चढतो आहे.

तुमचा पुतण्या,
प्रसेनजित जानराव

माझ्या खिशातून झालेला खर्च, तुमच्याकडे मागत नाही:
चार बायांची तीन दिवसांची मजुरी, रोज चारशेप्रमाणे — ४,८०० रुपये
सुतळी व दाभणं — ३६० रुपये
चहा — २४० रुपये
एकूण — ५,४०० रुपये

माझं तुम्हाला देणं:
डिसेंबरात घेतलेली उचल — ८,००० रुपये
एकशे चाळीस बोरे, चौदा हजार किलो, मिसळल्यामुळे किलोमागे बावीस रुपये उतरले — ३,०८,००० रुपये
एकूण देणं — ३,१६,००० रुपये. बाबांच्या वाट्यातून वळतं करून घ्यावं.

बावीसचा फरक बाजारभावाने धरला आहे. मुंबईवाल्याचा दुप्पट भाव धरलेला नाही. तो कापसाचा भाव नव्हता.

माझं तुमच्याकडे येणं — काही नाही.